अपात्र लेखनिक

परीक्षा मंडळाच्या तिसऱ्या खिडकीपाशी तो छापखान्यातून आणलेले नियमपुस्तिकेचे प्रूफ मोठ्याने वाचत उभा होता, आणि विरामचिन्हांसकट वाचत होता. छापखान्याची रीतच तशी होती. एकाने प्रूफ वाचायचे, दुसऱ्याने मूळ प्रत समोर धरून ऐकायचे. वाचणाऱ्याने काना, मात्रा, कंस, काही म्हणता काही गिळायचे नाही. आवाज वरखाली करायचा नाही, कारण चढउतारांत चुका लपून बसतात, असे थोरल्या मुद्रितशोधकाने त्याला पहिल्याच दिवशी बजावले होते. चार वर्षांत त्याचा आवाज इस्त्री फिरवल्यासारखा सपाट झाला होता. एरवी तो बोलायचाच कमी, त्यामुळे हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

“नियम अकरा, पूर्णविराम. वकिलीच्या सनदेच्या परीक्षेस बसणाऱ्या सर्व उमेदवारांना समान प्रश्नपत्रिका, स्वल्पविराम, समान वेळ व समान सोयी मिळतील, पूर्णविराम.”

खिडकीपलीकडच्या कारकुनाने मूळ प्रतीवर बोट फिरवत जांभई दिली.

“यात एक चूक आहे,” मागून कोणीतरी म्हणाले.

त्याचे कान तापले. चार वर्षांत त्याच्याआधी कोणी चूक पकडली नव्हती. त्याने वळून पाहिले. बाकावर एक तरुणी बसली होती. घडी केलेली पांढरी काठी मांडीवर, मान किंचित कललेली, चेहरा त्याच्याकडे नव्हे, तर त्याचा आवाज जिथून आला होता तिथे वळलेला.

“कुठे?” त्याने विचारले.

“छपाईची नाही. अर्थाची.”

“ती... आमच्याकडे येत नाही.”

ती हसली. इतक्या मोकळेपणाने, की जांभई देणारा कारकूनही सावरून बसला.

“तुम्ही घरीही असंच बोलता का? ‘आई, स्वल्पविराम, चहा दे, पूर्णविराम’?”

त्याने प्रुफाचे कागद उगीचच सरळ केले. पण ती थांबणाऱ्यांतली नव्हती.

“समान प्रश्नपत्रिका म्हणतात. डोळ्यांनी वाचणारा एक प्रश्न तीनदा चाळतो, तेवढ्या वेळात माझा एकदा ऐकून होतो. तासाला वीस मिनिटं जास्त देतात मला. ती वीस कुणी, कुठे बसून मोजली, हे मी दोन वर्षं विचारतेय. आधीच्या खेपेचा लेखनिक अडखळत वाचायचा. शंभरांतला एकाहत्तरावा प्रश्न चालू होता आणि घंटा झाली.”

“मग?”

“मग काय, नापास. त्याच्या आधीची खेप त्याच्याहून वाईट. ही तिसरी. तिसरीनंतर मंडळ दार लावून घेतं, तेही तुमच्याच पुस्तिकेत आहे, नियम चौदा. आणि यंदाचा लेखनिक आत्ता या खिडकीनं नामंजूर केला. एक वर्ष कायद्याच्या वर्गात बसला होता म्हणे. लेखनिकाला कायदा येता कामा नये.” ती क्षणभर थांबली. “तुम्हाला येतो?”

“नाही.”

“अगदी काही नाही?”

“आत्ता नियम अकरा वाचला... तोही कळला नव्हता.”

ती पुन्हा हसली, पण या वेळी हळू, जणू हसता हसता काहीतरी ठरवत होती.

“मग मला तुम्हीच हवे आहात,” ती म्हणाली.

त्याला असे वाक्य आजवर कोणी ऐकवले नव्हते. त्याने लेखनिकाच्या अर्जावर सही केली. अर्जातले एकमेव निवेदन होते : मला या विषयाचे ज्ञान नाही. ते त्या दिवशी शंभर नंबरी खरे होते.

दुसऱ्या दिवसापासून छापखाना उघडण्यापूर्वी, सकाळी सात ते नऊ, तो तिच्या घरी वाचू लागला. जिना चढून दोन खोल्या. पहिल्या खोलीत मेज, तीन खुर्च्या आणि तिचे बाबा. बाबा न्यायालयात पुकारा करीत. तीस वर्षे दाराशी उभे राहून त्यांनी पक्षकारांची नावे पुकारली होती. निवृत्त होताना ते आपला आवाज तिथेच विसरून आले, असे ती म्हणे. आता ते घोगऱ्या कुजबुजीत बोलत. लेकीला ते ‘वकीलसाहेब’ म्हणत, आणि याचे बारसे त्यांनी पहिल्याच दिवशी उरकले.

“या वाचकराव. वकीलसाहेब कधीच्या ताटकळल्यात. घसा ठीक आहे ना? माझ्यासारखा नका करून घेऊ.”

परीक्षा मागच्या खेपेपासून पर्यायांची झाली होती. आधी एक प्रसंग, कधी दहा ओळींचा तर कधी चौदा. त्याखाली चार उत्तरे. त्यांतल्या एकाचा गोळा काळा करायचा. चुकले तर पाव गुण वजा. पहिल्या सकाळी त्याने चौदा ओळी आपल्या इस्त्रीच्या आवाजात वाचल्या. एका जमिनीवर तीन भाऊ, एक भाडेकरू, दोन साक्षीदार आणि एक हरवलेले पत्र होते. शेवटाला येईपर्यंत तो स्वतःच पहिला भाऊ विसरला होता.

“पत्र हरवलं ते भाडेकरू घर सोडून गेल्यावर,” ती म्हणाली. “नवव्या ओळीत ‘त्यानंतर’ आहे. दुसरा साक्षीदार ते पाहिलं म्हणतो, पण तो तर चौथ्या ओळीतच परगावी गेलाय. म्हणजे खोटं बोलतोय.”

त्याने कागद पाहिला. चौथी ओळ. नववी ओळ. अक्षरन् अक्षर खरे होते.

“हे... कसं धरता तुम्ही?”

“बसवते सगळ्यांना. माझ्या डोक्यात एक खोली आहे. थोरला भाऊ खिडकीशी, धाकटा दाराशी. भाडेकरू उभा, कारण त्याची जागा पक्की नाही. साक्षीदार भिंतीला टेकून. कुणी खोटं बोललं की तो आपोआप जागा बदलतो, आणि मला पावलं ऐकू येतात.”

तिने हे असे सांगितले, जणू मीठ कुठल्या फळीवर ठेवले आहे हे सांगत होती. तो मात्र त्या दिवशी छापखान्यात बसला तो एखादे प्रचंड, अनोळखी देवालय पाहून आल्यासारखा. तीनदा एकच ओळ वाचूनही त्याला तीतला उलटा उकार दिसला नाही. थोरल्या मुद्रितशोधकाने चष्म्यावरून पाहिले आणि काही न बोलता प्रूफ आपल्याकडे ओढून घेतले.

तिची एक पद्धत होती. प्रसंग वाचून झाला की ती हात वर करून त्याला थांबवी. पर्याय ऐकण्याआधी आपले उत्तर सांगे, कारणासकट, मगच म्हणे, “आता वाचा, ते काय म्हणतायत बघू.”

“पर्याय आधी का नाही?” एकदा त्याने विचारले.

“न्यायालयात कुणी चार निकाल ओळीनं मांडून ‘यातला एक घ्या’ म्हणतं का?”

“पण लेखी परीक्षेत तरी काय... अक्षर आवडलं नाही म्हणून गुण जातात. परीक्षकाचं सकाळी घरी भांडण झालं म्हणून जातात. गोळ्याला अक्षर नसतं. गोळा सगळ्यांना सारखाच.”

“अरे वा. वाचकराव आज बाजू मांडतायत.”

तो ओशाळला. “चुकलं का काही?”

“चुकलं नाही, म्हणूनच बोचतंय. लेखीत माझी अख्खी बुद्धी लेखनिकाच्या हस्ताक्षरातून जायची, ते मला तरी कुठे आवडायचं. पण गोळा ‘का’ विचारत नाही हो. योगायोगानं बरोबर आलेला आणि रात्रंदिवस झिजून आलेला, दोघांना तो एकच गुण देतो. वकिलाचा सगळा धंदाच ‘का’वर चालतो.”

“मग न्याय्य परीक्षा कुठली?”

ती बराच वेळ गप्प राहिली. पंख्याखाली कागद फडफडत होते. त्याने त्यांवर तळहात ठेवला, आणि त्याच वेळी तिनेही. बोटे बोटांना लागली. दोघांनीही हात काढला नाही... मग दोघांनीही एकदमच काढला.

“माहीत नाही,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच जरा डळमळला. “सापडली की तुम्हाला आधी सांगेन.”

आतल्या खोलीतून बाबांची कुजबुज आली, “वकीलसाहेब, फार वेळ शांतता झाली. काय, कामकाज तहकूब?”

त्याच आठवड्यात तो वाचनालयात गेला आणि कायद्याचे एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. कोणाला काही सांगितले नाही. दुपारच्या सुट्टीत, डबा खाता खाता, तो करार वाचू लागला, ताबा वाचू लागला, मालकी आणि तिचे अपवाद वाचू लागला. सकाळी ती एखादा प्रसंग उलगडू लागली की त्याला हळूहळू तिची पावले कळू लागली. कुठे वळणार, कुठे थांबणार, याचा अंदाज येऊ लागला. आणि अंदाज जेवढा येई तेवढा त्याचा विस्मय वाढे. वाट ठाऊक नसताना त्याला ती केवळ वेगाने चालताना दिसली होती. आता खाचखळगे दिसू लागले होते आणि त्यांवरून ती कशी अलगद जाते तेही. आपण सही केलेले ते एका ओळीचे निवेदन त्याला या चार महिन्यांत एकदाही आठवले नाही.

परीक्षेच्या दिवशी त्यांना एका शाळेतला लहानसा वर्ग वेगळा दिला होता. पर्यवेक्षिका म्हणून एक पोक्त बाई होत्या. चष्मा नाकावर, हातात घड्याळ. तो वाचत गेला. ती हात वर करी, उत्तर आणि कारण हलक्या आवाजात सांगे, पर्याय ऐके, आणि तो गोळा काळा करी. वीस झाले, तीस झाले. पर्यवेक्षिकाबाई आधी खिडकीशी उभ्या राहून ऐकत होत्या. पंचविसाव्या प्रश्नापासून त्या नकळत खुर्ची ओढून जवळ येऊन बसल्या होत्या.

अडतिसावा प्रश्न घड्याळाचा होता. एका गिऱ्हाइकाने दुकानात घड्याळ दुरुस्तीला टाकले आणि सात वर्षे ते गिऱ्हाईक फिरकलेच नाही. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत एक अट होती : वर्षभरात न नेल्यास दुकानदार वस्तूची विल्हेवाट लावील. पावतीवर गिऱ्हाइकाची सही नव्हती. दुकानदाराने घड्याळ तिसऱ्याच माणसाला विकले. सात वर्षांनी गिऱ्हाईक परतले. मालकी कोणाची?

तिने हात वर केला... आणि तो तसाच राहिला. उत्तर आले नाही. कपाळावर एक बारीक आठी उमटली. तिच्या त्या खोलीत गिऱ्हाईक आणि खरेदीदार एकाच खुर्चीसाठी उभे असतील, असे त्याला वाटले.

“सहीचं कळत नाहीये,” ती पुटपुटली. “पर्याय वाचा.”

“अ. दुकानदाराची. ब. खरेदीदाराची. क. मूळ गिऱ्हाइकाची. ड. न्यायालय ठरवील त्याची.”

तिचा हात खाली आला. चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिने मान फिरवली, ती त्याच्याकडे नव्हे, तर पर्यवेक्षिकाबाईंकडे.

“बाई, मला लेखनिक बदलून हवा.”

त्याला वाटले, आपण काहीतरी भलतेच ऐकले.

“यांनी काही सांगितलं का तुम्हाला?” बाईंनी दचकून विचारले. “मी इथेच बसलेय. मला तर काही ऐकू आलं नाही.”

“सांगितलं काहीच नाही. पण यांना या प्रश्नाचं उत्तर माहीत आहे. एका पर्यायावर यांचा आवाज बदलला. इतका, केसाएवढा... पण मी चार महिने हाच आवाज ऐकतेय.”

“अहो, असं लिहून दिलंत तर अहवाल जाईल. अख्खा पेपर रद्द होऊ शकतो तुमचा. आणि राखीव म्हणून आमच्या कार्यालयातल्या टंकलेखिकाबाई आहेत. त्यांना असलं वाचायची सवय नाही, अडखळतील. गेलेला वेळ भरून मिळणार नाही.”

“अडखळू देत,” ती म्हणाली. “त्यांच्या अडखळण्यात उत्तर नसेल. आणि अडतिसावा कोरा ठेवा.”

त्याने पेन्सिल मेजावर ठेवली. तिला काही सांगायला तोंड उघडले, पण परीक्षेत लेखनिकाने प्रश्नाबाहेरचा एक शब्द बोलायचा नसतो, हे त्याला ऐन वेळी आठवले. तो उठला. दारातून टंकलेखिका आत आल्या, पदराला हात पुसत. व्हरांड्यात उभे राहून त्याने त्यांचे अडखळते वाचन ऐकले, “प्रश्न... एकोणचाळीस... एका... विश्व... विश्वस्ताने...” आणि त्यामागून तिचा आवाज, शांत, वाट पाहणारा, चिडचिडीचा मागमूस नसलेला.

दोन वर्षे जिने मंडळाकडे आपल्या वाट्याच्या मिनिटांसाठी भांडण केले, तिनेच आज आयती चालून आलेली एक केसाएवढी सवलत दाराबाहेर काढली होती. तिसऱ्या खेपेला, शेवटच्या खेपेला. लाज तर त्याला वाटतच होती, पण त्या लाजेच्याही वर काहीतरी होते. मान वर करून पाहावे आणि शिखर ढगांतच शिरलेले दिसावे, तसे. तो घंटेपर्यंत थांबला नाही. थांबायचा आपल्याला हक्क नाही, असे त्याला वाटले.

सहा आठवडे तो त्या जिन्याकडे फिरकला नाही. बाबांनी दोनदा निरोप धाडला. पहिला होता, “वाचकराव, घसा बसला काय?” दुसरा नुसता, “या.” तो गेला नाही. तिचे दार कायमचे लागले असेल तर ते आपल्या हाताने लागले, एवढाच विचार घेऊन तो प्रुफे वाचत राही. आवाज आता इतका सपाट झाला होता की थोरले मुद्रितशोधक म्हणाले, “बाबा रे, चुका लपू नयेत म्हणालो होतो. माणूस लपवायला नव्हतं सांगितलं.”

सातव्या आठवड्यात, दुपारच्या सुट्टीत, यंत्रे थांबलेली असताना, दाराशी काठीचा टकटक आवाज आला. ती एकटीच आली होती. शाईच्या वासाचा माग काढीत आल्यासारखी ती थेट त्याच्या मेजापाशी येऊन उभी राहिली. थोरल्या मुद्रितशोधकांना अचानक चहाची फार तहान लागली. खुर्ची तिच्या हाताला लावून ते निघून गेले.

“त्रेपन्न,” ती बसत म्हणाली. “पन्नासला पास. शहाण्णवपर्यंत पोचले. तुमच्या जागी आलेल्या टंकलेखिकाबाई शेवटी शेवटी घोड्यासारख्या धावल्या.”

मेजाची कड त्याने घट्ट धरली.

“आणि... अहवाल?”

“पर्यवेक्षिकाबाईंनी दोन पानं लिहिली. पहिल्या सदतीस प्रश्नांत उमेदवारानं प्रत्येक उत्तर पर्याय ऐकायच्या आधी, कारणासह सांगितलं, हे मी स्वतः ऐकलं, म्हणून. मंडळानं मानलं. सहा आठवडे घेतले, पण मानलं.” ती जराशी पुढे झुकली. “तुमचं ‘क’ मात्र चुकलं होतं.”

“काय?”

“घड्याळ खरेदीदाराचं. पावती घेऊन ठेवली म्हणजे अट मान्य केली, सही असो नसो. मंडळाचं उत्तर ‘ब’. तुमच्या आवाजावर गेले असते तर पाव गुण आणखी गेला असता. मुद्रितशोधक असून बारीक अक्षर सुटलं तुमचं.”

“वाचलं होतं...” तो म्हणाला. “कळलं नव्हतं.”

ती हसली, आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्याचा श्वास पुरता आत गेला.

“मी मंडळाकडे अर्ज करतेय,” ती म्हणाली. “माझ्यासाठी नाही, माझं झालं. पुढच्या वर्षी बसणाऱ्यांसाठी. प्रश्नपत्रिका आधीच ध्वनिमुद्रित करावी, हव्या तेवढ्या वेळा मागे नेऊन ऐकता यावी. म्हणजे उमेदवाराचं नशीब कुणाच्या घशावर आणि कुणाच्या मनावर अवलंबून राहणार नाही. त्याला साक्षीदार लागतो. तुम्ही.”

“मी काय सांगणार?”

“खरं. ते तुम्हाला उलटसुलट विचारतील, म्हणून आत्ताच तयारी करून घेते. शपथ घेतलीत असं समजा. अर्जावर सही केलीत तेव्हा तुम्हाला कायदा येत होता?”

“नाही.”

“परीक्षेच्या दिवशी?”

“थोडा.”

“थोडा, आणि चुकीचा. कुणी शिकवला?”

“तुम्ही.”

“खोटं. मी फक्त तुमच्यासमोर अभ्यास केला. पुस्तक कुणी आणलं?”

“मी. वाचनालयातून.”

“वकील व्हायचं होतं?”

“नाही.”

“मग कशाला?”

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. ती वाट पाहत होती, मान कललेली, एवढीशीही घाई नसलेली.

“साक्षीदारानं शपथ घेतलीय,” ती हळूच म्हणाली.

“तुम्ही एखादा प्रसंग उलगडायचात,” तो म्हणाला, “तेव्हा काहीतरी फार मोठं घडतंय, एवढंच मला कळायचं. काय घडतंय ते नाही. रोज तुमच्याशेजारी दोन तास बसून मी बाहेरच असायचो. मला... आत यायचं होतं. दुसरी वाट माहीत नव्हती. त्यापायी तुमची परीक्षा जाईल, हे एकदाही डोक्यात आलं नाही. आजवर मी इतका आनंदात कधी नव्हतो, म्हणून नसेल आलं.”

सपाट आवाजाचा कुठे पत्ताच नव्हता. प्रत्येक शब्द वेगळ्या उंचीवर होता.

मेजावरून तिचा हात सरकत आला, प्रुफांवरून, ओल्या शाईवरून, आणि त्याच्या मनगटावर येऊन थांबला. बोटांना शाई लागली असणार. तिने ती पुसली नाही.

“हे सगळं मंडळापुढे सांगाल?”

“विचारलं तर.”

“विचारायला लावीन मी.” तिचा आवाज बारीक झाला होता. “साक्षीदारानं प्रश्न विचारायचा नसतो. पण तुम्हाला एक विचारू देते. एकच.”

एकच प्रश्न. त्याने इतका विचार केला की ती हसू दाबू लागली.

“उद्या सकाळी सातला येऊ का?” तो शेवटी म्हणाला. “आता वाचायला काही नाही... तरी.”

“वाचायला काही नाही, तर सातपर्यंत कशाला थांबायचं?” ती म्हणाली. “सहाला ये.”